डोक्याची फाईल घरीच राहिली

"हा रेनॉज फिनॉमिनन आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझी खडूसारखी पांढरी पडलेली बोटं त्यांनी हातात धरून ठेवली. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात आणि रक्त पोचत नाही, असा त्याचा अर्थ.

निफाडजवळच्या पॅकहाऊसमध्ये मी द्राक्षांचे घड कात्रीने साफ करते. आत कायम गारठा. एक दिवस कात्री बोटाला लागली, तरी मला कळलं नाही. बाहेर उन्हात आल्यावर बोट गरम झालं, तेव्हा कुठे रक्त आलं. सुपरवायझर म्हणाल्या, "ताई, बरं वाटल्याशिवाय कात्री धरू नका." कात्री गेली की काम गेलं. मी फार घाबरले.

नाशिकला रक्ताच्या तपासण्या झाल्या. कातडीचा किंवा सांध्यांचा मोठा आजार तर नाही ना, हे बघायला. चार दिवसांनी रिपोर्ट चांगले आले. बोटं मात्र तशीच.

"दुसरं काही औषध चालू आहे?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा ठामपणे "नाही" म्हटलं. अर्धशिशीसाठी मी रोज एक गोळी घेत होते, पण ती डोक्याची. तिचे डॉक्टर वेगळे, फाईल वेगळी, आणि ती फाईल घरी कपाटात. हाताच्या डॉक्टरांना डोक्याचं कशाला सांगायचं, हा माझा शहाणपणा.

सोबत आलेल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ती डोक्याची गोळी पोळ्यापासून चालू हाय ना? ती सांग की."

मी गोळीचं नाव सांगितलं, तशी डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली. रक्तवाहिनीच्या स्नायूवर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारी ठिकाणं. अल्फा जातीचे नळी आवळतात, बीटा जातीचे सैल करतात. गंमत म्हणजे अल्फाचीच एक पोटजात मज्जातंतूच्या टोकावर बसून त्याला 'आवळायचे निरोप आता पुरे' असंही सांगते. "तुमच्या गोळीने बीटाचे हात बांधलेत," ते म्हणाले. "आवळणारे मोकळेच आहेत."

त्यांनी डोक्याच्या डॉक्टरांना फोन केला. गोळी हळूहळू कमी करून दुसरी दिली. माझी गोष्ट वाचून तुम्हीही मनाने काही बंद करू नका, आणि सगळ्या फायली एकाच पिशवीत ठेवा.

आता हातमोजे घालून मी कामावर आहे. परवा कात्री लागली. लगेच दुखलं, लगेच रक्त आलं. बोट दाबून धरलं आणि मी हसत सुटले. सुपरवायझरना वाटलं, हिला डोक्याची गोळी पुन्हा लागणार.