आईची खोडलेली ओळ

आमच्या चर्चमध्ये ढोलकी आणली ती फादरांनी. त्याआधी आम्ही म्हणायचो त्या गाण्यांच्या चाली परदेशी होत्या, आणि त्यांत मराठी शब्द कोंबताना म्हाताऱ्या माणसांचा दम जायचा. फादर कोकणपट्टीचे, पण इथली बोली त्यांनी आमच्यापेक्षा मन लावून ऐकली. नाताळचं नाटक त्यांनी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून त्यावर बसवलं आणि हेरोद राजाच्या कामाला चक्क सरपंचांना धरून आणलं. सरपंच काही ख्रिस्ती नव्हते. स्वतःच्या लग्नातला फेटा बांधून आले, आणि बाळांना मारायचा हुकूम सोडताना इतके रंगले की समोरच्या बायकांनी त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या घातल्या. मला हार्मोनियम फादरांनीच शिकवलं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे, आणि स्वतःवर त्याहून जास्त.

आई पुणतांब्याच्या बाजूला लोकांच्या रानात कांदे लावायला जायची. रोप लावताना इतर बायका गाणी म्हणत, आई ती रचत असे. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होऊन तापानं गेली. त्या साली कांद्याच्या लागणीत आईनं एक गाणं रचलं, थेट मारियामातेशी बोलणारं.

मारिया माउली, मांडीवर तुझ्या लेक,
माझी गं मांडी रिती, वारा बसे घटका एक.

तिसऱ्या ओळीत ती मारियेला विचारायची की तुझा लेक तिसऱ्या दिवशी कबरीतून उठून आला, माझ्या लेकीचे दिवस मी कुठवर मोजायचे? अर्थ असा होता. शब्द तिचे होते.

फादर त्या रस्त्यानं चालले होते. मोटारसायकल थांबवून बांधावर बसले आणि गाणं संपेपर्यंत उठले नाहीत. संध्याकाळी वही घेऊन घरी आले.

"मावशी, हे गाणं चर्चमध्ये म्हणायला हवं. फक्त शेवटची ओळ बदलावी लागेल. देवाकडे तक्रार केल्यासारखी वाटते."

"तक्रारच हाय ती," आई म्हणाली.

"माणसं चर्चमध्ये धीर घ्यायला येतात, मावशी."

आईनं वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्या. पन बदलल्यावर ते माजं न्हाई. तुमचं म्हना."

फादरांनी आमच्यासमोरच ती ओळ खोडली आणि तिच्यावर लिहिलं, 'माझी बी लाडकी गं, तुझ्या पदरात सुखी.' चाल आईचीच ठेवली.

गाणं गावोगाव गेलं. कुठेही कुणाची माती असली की तेच म्हटलं जायचं. पुढे गीतांच्या पुस्तिकेत छापून आलं तेव्हा खाली 'पारंपरिक' असं होतं. आमची परंपरा तेव्हा चांगली जिवंत होती आणि दोन कोसांवर वाकून कांदे लावत होती. मला त्याचा राग यायला हवा होता. मला आला तो आईचा. मी हार्मोनियमवर बसून ते गाणं वाजवायची, गायची, आणि बायकांच्या बाजूला ही बाई ओठ घट्ट मिटून बसलेली. एकदा घरी आल्यावर मी तिला बोलले.

"एवढा कसला तोरा? त्या ओळीला सगळं चर्च रडतं."

"रडू दे," ती म्हणाली. "त्येन्ला काय ठावं?"

रानातसुद्धा तिनं ते गाणं पुन्हा कधी म्हटलं नाही. मीही म्हणायला लावलं नाही. तिची ओळ मला येते, असंच मी धरून चालले होते.

या उन्हाळ्यात आई गेली. फादर आता निवृत्त, थकलेले. त्यांना नगरहून गाडीत घालून आणलं. कबरीपाशी काठीवर रेलून उभे होते. गाण्याची वेळ आली तसे मला म्हणाले, "आज त्यांची ओळ म्हण. मी ती खोडायला नको होती. त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकता आली नाही, निदान तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी नीट झाल्या. तिसरीला तोंड उघडलं आणि आपसूक आलं, 'माझी बी लाडकी गं'. मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तेच. ती श्वास कुठे घ्यायची ते आठवत होतं, रोप अंगठ्यानं चिखलात कसं दाबायची ते आठवत होतं. शब्द मात्र गेले होते. इतक्या कबरींवर मी फादरांची ओळ गायले होते, की आईच्या ओळीला जागाच उरली नव्हती.

बायकांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. त्यांनीच गाणं उचललं, आणि सगळी माणसं सुरात म्हणू लागली, तुझ्या पदरात सुखी.

फादर माझ्या कानाशी वाकले. "आठवत नाही का गं?"

"नाही. तुम्हाला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आणि वही?"

"आहे," ते म्हणाले. "पण फार गिरवून खोडली होती मी."

लोक मुठीनं माती टाकायला लागले. कडवं संपलं तसं कुणीतरी ते पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि त्यांच्याबरोबर मीही म्हटलं.