आबांच्या खोलीची शिस्त

निरोप आला तेव्हा मी कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर भाताच्या गोण्यांवर खुणा करत होतो. ठाण्याहून आलेला गडी लांब उभा राहून माझं काम उरकायची वाट पाहत होता. त्याला तसं थांबलेलं पाहून माझी खूण चुकली. परमुलखात पोटासाठी राहणाऱ्याचं असंच होतं. कुणी आपल्यासाठी ताटकळताना दिसलं की आधी गावाकडची आई डोळ्यांपुढे येते. धावत जाऊन मी विचारलं, "राजापूरकडचं काही आहे का?" तो म्हणाला, "नाही हो. आबा गेले, सकाळी." माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडतो न पडतो तोच पुढचं कानांत शिरलं. गोणीवरच बसलो... आईच्या खालोखाल या जगात मला ज्यांनी विचारलं ते माणूस गेलं होतं.

आबा मामलेदार कचेरीतले पेन्शनीत निघालेले कारकून. आपल्या वर्तमानपत्राच्या वाचकांत त्यांना ओळखणारे कल्याणातले काही असतील, तेही त्यांच्या कचेरीमुळे नव्हे, खेळाच्या खोलीमुळे. वडील वारल्यामुळे मराठी चौथीतूनच माझी शाळा सुटली, आणि पुढे विशीत मी या गावात आलो तो एक वळकटी घेऊन. मालधक्क्यावर काम लागलं, पण राहायला जागा देईना कोणी. आबांची बायको वारलेली, एकुलते चिरंजीव माधवराव ठाण्याच्या कोर्टात आणि बिऱ्हाड नौपाड्यात. आबांनी मला मागची पडवी दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "सकाळी माझी खेळाची खोली झाडशील? मग झालं की." ते खरं आहे असं मला कितीतरी दिवस वाटेना. आज ना उद्या हे आपल्याला उठवतील, ही धाकधूक मनातून जात नसे.

ती खोली ओटीला लागून होती. संध्याकाळी तिथे सोंगट्या, बुद्धिबळं, गंजिफा चालत. भिंतीत तीन कोनाडे होते. वरच्यात बुद्धिबळं, मधल्यात सोंगट्या आणि कवड्या, खालच्यात गंजिफांच्या गोल पानांची पेटी. पेटीत कडुनिंबाचा पाला असे. सोंगट्यांचा पट घडी करायचा नाही, गुंडाळायचा, म्हणजे घरांच्या शिवणी फुटत नाहीत. जाजमाची मधली शिवण उंबऱ्याशी काटकोनात आली पाहिजे. वहाणा बाहेर, पागोटी खुंटीला, पानाचा डबा ज्याचा त्यानं मांडीशी ठेवायचा, जमिनीवर काही सुटं पडलेलं चालायचं नाही. ज्याची जी बैठक ती कायमची. आणि खेळताना दान समोरच्यानं मोठ्यानं पुकारायचं, सोंगटी कुठल्या घरातून कुठल्या घरात गेली तेही बोलायचं. मुक्यानं खेळणाऱ्याला आबा सरळ उठवत. गावात म्हणत, आबांची खोली म्हणजे देवघर. शिस्तीचा माणूस, कचेरीची सवय गेली नाही, असं सगळे कौतुकानं बोलत.

ती शिस्त नव्हती. म्हणजे आधी असेलही, पण मी गेलो त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी आबा खिडकीशी उभे राहून एक सोंगटी उन्हात धरून बसले... उभेच होते, पण त्यांचा चेहरा खचून बसल्यासारखा दिसत होता. मला म्हणाले, "सदू, ही हिरवी का रे काळी?" सोंगटी पिवळी होती. मी ते सांगितल्यावर त्यांनी ती मुठीत मिटली. मग म्हणाले, "वैद्यांनी सांगितलंय, हे डोळे आतून विझताहेत, इलाज नाही. माधवला यातलं काही कळता कामा नये." मी म्हटलं, "पण ते चिरंजीव आहेत तुमचे." तर म्हणाले, "म्हणून तर! कळलं की तो दुसऱ्या दिवशी मला नौपाड्याला नेईल. चांगलाच सांभाळेल. भिंतीला टेकवून बसवील, आणि मी जेवणाची वाट बघत मरेन. इथं मला संध्याकाळ आहे. मला शब्द दे." मी शब्द दिला.

तेव्हापासून त्या झाडलोटीचा अर्थच बदलला. रोज कामावर जायच्या आधी मी खोली अशी लावून ठेवी की आबांच्या पायाला जाजमाची शिवण सापडावी, त्या शिवणीनं ते बैठकीपर्यंत यावेत, उजव्या हाताला लोड लागावा, डाव्या हाताला पिकदाणी. त्यांच्या सोंगट्यांच्या बुडाला मी मेण लावी, म्हणजे चाचपताना त्या सरकत नसत. पटाच्या शिवणी त्यांच्या बोटांना घरं मोजून देत. बाकीच्यांच्या सोंगट्या पुकारल्या की त्यांच्या डोक्यात बसत. गंजिफा मात्र त्यांनी सोडल्या. "पानं चिकटतात हल्ली," म्हणायचे. कोनाड्यात एखादी डबी वीतभर सरकली तरी मी ती लगेच जागेवर आणी. कधीकधी स्टेशनावरून अर्ध्या वाटेत परत येऊन मी पिकदाणी बघून जाई.

आणि ते खेळत काय! दाजीबा पाटील म्हणून आबांचे जुने सोबती होते, खाडीकाठचे, भातशेती आणि मिठागरवाले. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. आबांची सोंगटी मारली की ते ओरडत, "आबा, डोलं कुठं ठेवलंत? मेली तुमची!" मी चटकन आबांकडे बघे. आबा मात्र खदखदून हसत. "डोळे तुमच्या बायकोकडे गहाण टाकलेत, पाटील. तुम्हाला ओळखायला तिला एक जोडी पुरेना." सगळी खोली हसायची. अशी चार-पाच वर्षं गेली. दाजीबांसकट कुणाला संशय आला नाही.

यंदा माघात नातवाची मुंज म्हणून माधवराव आबांना आठवड्यासाठी ठाण्याला घेऊन गेले. तिथे परक्या घरात सगळे हात धरून नेतात, त्यामुळे निभावलं. पण मुंजीच्या गडबडीतही माधवरावांनी मनात एक बेत धरला होता. आधी कल्याणला आले असताना त्यांना खोलीची दशा दिसली होती: जाजम विरलेलं, भिंती काजळलेल्या, आणि वडील त्या वयात जमिनीवर बसून गुडघे चोळताहेत. आबा ठाण्यात असतानाच ते गवंडी आणि सुतार घेऊन आले. भिंतींना चुना दिला. टेबल, खुर्च्या, काचेचं कपाट, टांगता दिवा, आणि मुंबईहून आणलेला रंगवलेला गुळगुळीत पट. मी नुसता आत-बाहेर करत होतो. शेवटी म्हटलं, "जाजम तेवढं राहू द्या. आबांना सवय आहे." माधवराव हसले. "अहो सदाशिवराव, त्याची चाळण झालीये. आबांना खुर्ची बरी. तुम्ही इतकं केलंत त्यांचं, आता आम्हाला थोडं करू द्या." ते इतकं मनापासून बोलले. आबांना पत्र टाकावं, तर ते वाचून दाखवणारे माधवरावच. आणि खरं सांगावं, तर दिलेला शब्द...

आबा परतले त्या संध्याकाळी माधवरावांनी सगळ्यांना बोलावलं होतं. मी आबांना आधी गाठायला स्टेशनावर गेलो, पण माधवराव त्यांचा हात सोडीनात. उंबऱ्यात आबा थांबले. ओल्या चुन्याचा आणि पॉलिशचा वास आला असणार. पाय पुढे टाकला तर शिवण नाही. दुसरा टाकला, खुर्चीला अडखळले. "छान झालं रे," म्हणाले. कुणीतरी त्यांना बसवलं. दाजीबांनी कवड्या टाकल्या, दान पुकारलं गेलं. आबांचा हात पटावर फिरला, फिरतच राहिला. त्या गुळगुळीत पटावर घर म्हणून काही नव्हतंच. मग कोपर लागून सोंगट्या खाली सांडल्या. आबा घाईघाईनं खाली उतरले आणि हातांनी फरशी चाचपू लागले, भलत्याच बाजूला. सोंगट्या त्यांच्या गुडघ्यापाशी पडलेल्या, टांगता दिवा लख्ख पेटलेला.  दाजीबा खाली वाकले. त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "आबा... ती हय हाय."

माधवराव म्हणाले, "आबा, कधीपासून?" आबा जमिनीवरूनच म्हणाले, "डाव संपू दे." डाव काही संपला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना नौपाड्याला नेलं.

माधवरावांना नावं ठेवायला जागा नाही. खिडकीजवळ पलंग, मऊ गादी, हाताशी माणूस. मी रजा मिळाली तेव्हा गेलो. आबा वाळले होते. मी म्हटलं, "इथं खेळता की नाही? पट दिसतोय." म्हणाले, "खेळतो ना. नातू खेळतो, सूनबाई खेळते, माधव कोर्टातून आला की तोही बसतो. सगळे मला जिंकू देतात रे..." आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ताप भरला तो उतरला नाही. त्यांनी अन्नही सोडलं होतं, असं मागाहून कळलं.

तेरावा उरकल्यावर माधवराव कल्याणला आले. घर विकणार नाही, मी होतो तसंच राहावं, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी हात जोडले. मग ते खोलीत गेले आणि भिंतीपाशी थबकले. "गवंड्यानं हात राखून चुना दिला वाटतं. हे काय वर आलंय?" मीही तेव्हाच पाहिलं. दारापासून कोनाड्यांपर्यंत, कमरेच्या जरा वर, पांढऱ्यातून एक तेलकट काळपट पट्टा फुटून आला होता. कुठे रुंद, कुठे बोटाएवढा. वर्षानुवर्षं तिथून आबांचा हात फिरलेला. तेलावर चुना धरत नाही.

 माधवरावांनी त्या पट्ट्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि दारापासून हळूहळू चालू लागले. थोडं गेल्यावर त्यांनी आणलेली खुर्ची आडवी आली, गुडघ्याला लागली. त्यांनी ती सरकवली नाही, डोळेही उघडले नाहीत. भिंतीवर हात तसाच ठेवून ते तिथे उभे राहिले.