फुले चालतात, खत चालत नाही

मंडळी, राग अजून गेलेला नाही, म्हणून आजच लिहितो.

गुलाबांना कळ्या धरू लागल्या, म्हणून कुंड्यांसाठी मडक्यात शेंगदाण्याची पेंड भिजत घातली होती. सकाळी गंगेवरून स्नान करून परतलो, तर शेजारच्या काकूंनी न विचारता मडके मोरीत रिकामे केलेले.

"अरे माधवा, घाण वास देवघरापर्यंत येत होता. सोवळ्यात बसवेना."

"काकू, तुमच्या देवांना फुलं याच कुंड्यांतली जातात."

"फुलांना कुठं येतो पेंडीचा वास?"

संध्याकाळी त्याच काकू परडी घेऊन दारात. "उद्या चतुर्थी. तांबडे गुलाब माझ्यासाठी ठेव हो."

नाही म्हणावे, तर काकूंचा राग गणपतीवर काढल्यासारखे होते. द्यावे, तर पुढची फुले कशावर येणार? तुम्ही काय केले असते?