लालसूची दुपारची झोप

चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता त्या काळात, एका एप्रिल महिन्यात, जंगल गार्डच्या एका जागेसाठी झालेली शर्यत मी जिंकलो. दुसरा आलेला लालसू माझ्यापेक्षा चांगला धावायचा. तो का हरला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

जागा एक, उमेदवार आम्ही दोघंच. मी चामोर्शीचा, सातवी पास. लालसू जंगलखात्याच्या नाक्याजवळच्या जंगलगावातला. गोंड, चौथी पास. शर्यत नाक्यापासून नाल्यापर्यंत आणि परत अशी होती; नाका जवळ पडतो म्हणून सरावाचे पंधरा दिवस मी त्याच्याच घरी राहिलो. त्याच्या आईच्या हातचं जेवलो. ती सरपणाची मोळी आणायला जायची, तेव्हा जुना गार्ड तिला अडवायचा, केस करायचा. म्हणून लालसूला ती जागा हवी होती. मला का हवी होती? पगारासाठी. एवढंच.

मोहाचा हंगाम होता. फुलं पहाटे गळतात, म्हणून अख्खं गाव अंधारात उठून वेचायला जायचं आणि दुपारी झोपायचं. संध्याकाळी आम्ही नाल्यापर्यंत धावून परत यायचो. दुपारी झोपलेला लालसू माझ्या कितीतरी पुढे असायचा. ज्या दोन दुपारी त्याला झोप मिळाली नाही, त्या दोन्ही संध्याकाळी मी पुढे होतो. हे मी वहीत टिपून ठेवलं. त्यालाही ते ठाऊक होतं — स्वतःच मला म्हणाला होता, "दुपारी डोळा लागला तं पाय आपले, नाई तं दुसऱ्याचे."

असं कोण आपल्या प्रतिस्पर्ध्याला सांगतं? तो सांगत होता. मी त्याच्यासाठी पाहुणा होतो.

शर्यत संध्याकाळी पाच वाजता होती. त्या दिवशीही तो पहाटे मोह वेचायला गेला. परत येऊन, जेवून, अंगणातल्या मांडवाखाली आडवा झाला. मी जाऊन त्याच्या उशाशी बसलो — आणि बोलायला लागलो.

त्या घरात पाहुणा बोलत असताना डोळे मिटत नसत. पंधरा दिवसांत मी हेही पाहिलं होतं.

अस्वल जवळपास आहे हे कसं ओळखायचं, मध कुठल्या झाडावर, पलीकडच्या गावाची वाट कुठली. एक उत्तर संपलं की दुसरा प्रश्न. तो कुशीवरून उठून बसला. हसला.

"तू ठाणेदार हायेस का, भाऊ? मायच्या केसच्या वक्ती त्यानं बी मले इतकं नाई विचारलं. जरा पडू दे ना, अंधारापासून मोह वेचून राह्यलो."

"पडशील रे. ते अस्वलाचं राह्यलं ना अर्धं."

त्यानं ते पूर्ण सांगितलं. आतून त्याची आई गोंडीत काहीतरी म्हणाली. त्याला झोपू दे, असं. तेवढी गोंडी मला येत होती. येत नाही असं मी दाखवलं. चार वाजेपर्यंत मी बोलायचा थांबलो नाही.

तुम्ही म्हणाल, गप्पाच मारल्या ना? पाय तर ओढला नाही? तसं म्हणून मला सोडवू नका. मी काय करतोय ते मला पूर्ण ठाऊक होतं — चूक नव्हती ती, बेत होता. पुढे वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा प्रश्न विचारायला मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. पश्चात्ताप? तो शोधत असाल तर माझ्याकडे नाही. तो उसना आणून इथे मांडणार नाही.

जाताना नाल्यापर्यंत लालसू पुढे होता. परतीच्या चढावर त्याचे पाय जड झाले. तो दोनदा थांबला. नाक्यापाशी पोचलो तेव्हा मी पुढे होतो. रेंजर साहेबांनी माझं नाव लिहिलं. लालसूनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि गावात सगळ्यांना सांगितलं, आता गार्ड आपल्याच घरचा आहे.

मे महिन्यात मी कामावर रुजू झालो. पहिल्या पंधरवड्यात त्या गावातल्या चार जणांवर लाकडाच्या केसेस केल्या. तिसरी केस लालसूच्या आईवर होती.