भावोजींची मूळ प्रत

स्वस्थ बसणं ही एक गोष्ट सोडली, तर आमच्या भावोजींना जगातलं सगळं जमतं. जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून तीस वर्षं काढली, पण निवृत्त होऊन रत्नागिरीत घर बांधलं तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. सगळं वेड एका जुन्या इंग्रजी अंतराळपटाचं. कुठल्याशा बंदरात घेतलेली त्याची व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, आणि दर थोड्या वर्षांनी ‘नव्याने स्वच्छ केलेली’ आणखी एक प्रत. कॅसेटला बुरशी येऊ नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात पुरलेली असते. माझी ताई रोज भात टाकताना आधी सिनेमा बाहेर काढते.

हा सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. बघू देतील तर ना! दोन टीव्ही शेजारी शेजारी, एकावर जुनी प्रत, दुसऱ्यावर नवी. “तू तो रिमोट धर. एक, दोन, तीन, दाब! अरे मेल्या, उशिरा दाबलास!” की पुन्हा पहिल्यापासून. यान तांबड्या ग्रहावर उतरलं की दोन्ही थांबवायचे, आणि मग वही घेऊन या टीव्हीपासून त्या टीव्हीपर्यंत येरझारा. वहीत प्रत्येक नव्या प्रतीची नोंद आधीच्या नोंदीपेक्षा पिवळट आणि धुरकट. “वाट लावली रे लेकाच्यांनी!” म्हणत त्यांनी कंपनीला चार खरमरीत पत्रं धाडली.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कंपनी निर्दोष आहे, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.

ताईने दोन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला मात्र साफ नकार. “तो राहू दे. मूळ प्रत आहे ती!” मग गावभर तुलना सुरू. एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा. मासळीबाजारात सुरमई उजव्या डोळ्याला चांदीसारखी, डाव्याला हळद लावलेली. कोळीण म्हणाली, “काय ओ काका, डोला कोनाला मारताव?” इकडे डावा डोळा विझत चालला होता. चिऱ्याच्या पायरीवरून दोनदा पडले. डॉक्टरांनी बजावलं, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. ताई रडली, मी भांडलो. गृहस्थ ढिम्म हलेना.

परवा दुपारी ताई पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत होती. भावोजींनी सवयीने उजवा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं, मग डावा मिटून. पुन्हा उजवा. मग एकदम थांबलेच.

“हिचे केस कधी पांढरे झाले रे?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“दहा वर्षं झाली, भावोजी.”

ते खाली बसले. इतका वेळ एका जागी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला फार राग आला त्यांचा, तरी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

“डॉक्टरला फोन लाव,” ते म्हणाले. “डावाही करून टाकू. हिला नीट बघायचं राहूनच गेलं.”

“आता काय उरलंय बघण्यासारखं?” ताई म्हणाली. पण हातातली आठळी खाली ठेवून तिने केस सारखे केले, आणि चेहरा उजेडाकडे करून बसली.