धनकुंवरभाभींचं एक मत

जळगाव-यावल रस्त्यावरच्या आमच्या गावात, पेठेतल्या बायकांत धनकुंवरभाभींचा शब्द चालतो. पुढे त्यांच्या नवऱ्याचं, लालचंदशेठचं, किराणा दुकान, मागे घर. पण बायकांचं गाऱ्हाणं घेऊन ग्रामपंचायतीत जायचं म्हटलं की पदर खोचून पुढे भाभीच. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला आडोसा नाही. त्या एका मुतारीसाठी भाभी आणि अनवरी या दोघींनी किती हेलपाटे घातले असतील! अनवरी शिवणकाम करते. पेठेतल्या झाडून बठ्ठ्या बायकांचे ब्लाउज तिच्याच हातचे.

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा भाभीच म्हणाल्या, "अनवरी, तू उभी राहा. बाई बाईला मत देणार नाही तर कोणाला? पेठेत मी फिरवते तुला."

अनवरी नको नको म्हणत होती. भाभींच्या या शब्दावर तिनं अर्ज भरला.

मग पेठेतूनच दिपमाला उभी राहिली आणि कुजबुज सुरू झाली. "अनवरी बाई चांगली आहे हो, पण त्यांच्यातली आहे, मुसलमानांतली." एका दुपारी अनवरी पत्रकं घेऊन भाभींच्या ओट्यावर आली. "भाभी, चला." लालचंदशेठ आतून एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक तुटेल." भाभी बंद दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हाका ऐकत राहिल्या. अंगात ब्लाउज अनवरीनंच शिवलेला. अनवरी पेठेत एकटी फिरली, आणि निवडणुकीत पडली.

दाराचं खापर लालचंदशेठच्या डोक्यावर फोडता येत होतं. भाभींनी मनातल्या मनात ते फोडलंही. पण मताचं काय? मतदानाच्या मशीनपाशी ना नवरा होता, ना घरचं दुसरं कोणी. बोट आधी अनवरीच्या नावापाशी गेलं होतं. मग वाटलं, उद्या आपल्या लोकांत तोंड कसं दाखवायचं? अहो, बघणार कोण होतं तिथे! तरी बोट सरकलं आणि दिपमालाचं बटण दाबलं गेलं. दाबलं गेलं कसलं, भाभींनीच दाबलं.

यंदा पर्युषणात भाभी आठही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिल्या. घरच्यांना कौतुक, आणि भाभींना त्या कौतुकाची लाज. आठव्या दिवशी, संवत्सरीला, सगळ्यांची क्षमा मागायची रीत. दरवर्षी त्या अनवरीलाही "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायच्या, आणि ती हसत "माफ केलं" म्हणायची. यंदा तिच्या दारात हात जोडले खरे, पण तोंडून निघालं ते दुसरंच.

"त्या दिवशी मी घरातच होते, अनवरी."

"माहीत आहे. चपला ओट्यावर होत्या तुमच्या." अनवरीनं शिलाई मशीन थांबवलं. "वाईट वाटलं भाभी, खोटं कशाला बोलू. रडले मी त्या दिवशी. मग म्हटलं, जाऊ दे, घरच्यांपुढे बाईचं किती चालतं? पण आत, एकटीनं, मत तर मलाच दिलं असेल ना तुम्ही. तेवढ्यावर तर निभावलं मी."

मत तिला दिलं नाही, हेच सांगायला भाभी आल्या होत्या. अगदी जिभेवर आलं होतं. अनवरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

भाभींनी मान हलवली. हो म्हणून.

"मग झालं तर. माफ केलं," अनवरी म्हणाली, आणि तिनं त्यांना जवळ घेतलं.