टेकरावांचे त्रेसष्ट अर्थ

टायपिस्टबाई शब्दकोशाच्या कार्यालयात पहिल्या दिवशी आल्या, तेव्हा टेकरावांनी त्यांचं स्वागत टेबलाखालून केलं. आधी एक हात बाहेर आला, मग चष्मा, मग दोन खोकी, आणि शेवटी ढिगाऱ्यातून उपसून काढल्यासारखा अख्खा माणूस.

"बसा," ते म्हणाले, "पण त्या खुर्चीवर नको. तिथं 'फोटो काढणे' ठेवलंय."

इंग्रजी-मराठी कोशातलं 'टेक' हे एकच क्रियापद सात वर्षं त्यांच्याकडे होतं. म्हणून टेकराव, खरं नाव हजेरीपटालाच ठाऊक. शेजारच्या सहकाऱ्यानं तेवढ्या काळात सबंध 'एस' उरकला होता. कार्यालयाचा नियम असा, की प्रत्येक अर्थाला एक कार्ड आणि कार्डावर प्रत्यक्ष ऐकलेलं एक तरी वाक्य. दाताच्या डॉक्टरनं "टेक अ डीप ब्रेथ" म्हणताच टेकरावांनी उघड्या तोंडानंच पेन मागितलं होतं.

"इंग्रजीत पोरगं परीक्षा घेतं, आपल्याकडे देतं," ते बाईंना सांगत. "आता बोला."

संपादकबाईंनी शेवटचं बजावलं: शुक्रवारी पाचला छापखान्याचा माणूस येईल. तोवर नोंद हातात नसली, तर जुन्या कोशातलीच जाईल.

झालं. टेकरावांचा पाय एका जागी ठरेना.

"बाई, सतरावं कार्ड द्या. स्वल्पविराम."

"तो तुम्ही सकाळीच घातलात."

"तोच काढायचाय."

तरी शुक्रवारी दोनला त्रेसष्ट अर्थ टाइप होऊन तयार होते. सही तेवढी बाकी. टेकरावांनी पेन उघडलं, मिटलं, तीन येरझाऱ्या घातल्या.

"पहिला अर्थ 'घेणे' नव्हे. माझ्याकडे सगळ्यांत जास्त वाक्यं 'वेळ लागणे'ची आहेत."

"असू द्या की. सही करा."

"पहिला अर्थ म्हणजे घरातला कर्ता, बाई. तो बदलला की सगळ्यांची नाती बदलतात."

आणि त्यांनी कात्री घेतली. टाइप केलेल्या कागदांच्या त्रेसष्ट पट्ट्या कापून नव्या क्रमानं चिकटवायच्या होत्या. कार्बनची प्रतही कापली, एखादी पट्टी हरवली तर हाताशी असावी म्हणून. पंखा बंद झाला. दारापर्यंत फरशीभर अर्थ पसरले. बाई पट्ट्यांना डिंक लावत होत्या, टेकराव गुडघ्यांवर रांगत होते आणि संपादकबाई दर दहा मिनिटांनी, "झालं का हो?" विचारत होत्या.

पाचला छापखान्याचा माणूस आला. तोवर एक्केचाळीस पट्ट्या चिकटल्या होत्या.

कोश छापून आला. त्यात 'टेक'ला जुन्याच नऊ ओळी आहेत.